पूर ओसरल्यावर मुलांची शाळा कशी सांभाळायची : एका क्लार्कबाईंचं टिपण

मी चिपळुणात एका हायस्कूलच्या ऑफिसात २८ वर्षं लेखनिक होते. निवृत्तीनंतर आमच्या छोट्या शैक्षणिक ट्रस्टची अभ्यासिका बघते. दोन खोल्या, सहा लांब टेबलं, आणि मुख्य म्हणजे वरचा मजला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा खालचं दुकान छतापर्यंत बुडालं, आमचं कपाट कोरडं राहिलं. तेव्हापासून इतर गावांतल्या मंडळांचे फोन येतात : बाई, पूर आला तर मुलांसाठी आधी काय करायचं? दरवेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

वह्या वाटायला धावू नका. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर आम्ही तेच केलं होतं. बाहेरगावाहून खोकी आली, आम्ही न बघता वाटली, आणि दहावीच्या मुलांच्या हातात दुरेघी वह्या गेल्या. एक मुलगा बिचारा हळूच म्हणाला, "बाई, ह्या धाकटीला दिल्या तर चालतील?" ज्यांना बरोबर वह्या मिळाल्या त्यांच्याही घरात चिखल उपसणं चालू होतं. ठेवणार कुठे? आठवड्यात त्याही ओल्या झाल्या.

त्याऐवजी एक जाड रजिस्टर घ्या आणि दोघादोघांनी घरोघरी जा. प्रत्येक मुलाला एक पान. शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच नाव, इयत्ता, शाळा, घरात कोण कोण, घरातला कोणाचा मोबाइल चालू आहे, कोणते कागद गेले. "काय हवंय?" असं विचारू नका. आमच्याकडची माणसं उंबऱ्यात उभी राहून "काही नको हो, होईल सगळं" म्हणतात आणि चहा विचारतात. "रात्री कुठे झोपता?" असं विचारा. एका काकूंनी या प्रश्नावर सांगितलं, की त्या आणि सून मामांकडे, मुलगा दुकानात, आणि बारावीतली नात मैत्रिणीकडे. मग कळलं, नातीला वह्यांपेक्षा आधी रोज संध्याकाळी बसायला जागा हवी होती. आणि हो, मदत घेताना मुलांचे फोटो काढू नका. देणगीदारांना पावती पाठवा, हिशोब पाठवा. त्याच मुलांना उद्या वर्गात बसायचं असतं.

आता कागद. यात माझा जीव अडकलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तलाठ्यांचा पंचनामा व्हायच्या आत लोक सगळं उचलून रस्त्यावर टाकतात. टाकायलाच लागतं, वास सुटतो. पण आधी फोटो काढायला लावा, आणि त्यात गादी-कपाटाबरोबर दप्तर, पुस्तकं, शिलाई मशीनही येऊ द्या. पंचनाम्याची नक्कल मागून घ्या, पुढे फीची सवलत मागताना तीच लागते.

चिखलाने माखलेली गुणपत्रिका हातात आली की पुसू नका. पुसलं की चिखल कागदात मुरतो. पसरट परातीत स्वच्छ पाणी घ्या, कागद जाड प्लॅस्टिकवर आडवा ठेवून प्लॅस्टिकसकट बुडवा आणि अलगद हलवा. शाई पसरायला लागली तर लगेच बाहेर काढा. मग सुती साडीच्या तुकड्यावर ठेवून वरून दुसरा तुकडा नुसता टेकवा, दाबू नका. वर्तमानपत्र इथे नको, त्याची शाई उठते. वाळवायचं पंख्याखाली, सावलीत. जुलैत कोकणात ऊन नसतंच म्हणा, पण इस्त्री फिरवायचा मोह होतो, तो आवरा. चिकटलेले कागद पूर्ण ओले असतानाच सुटतात, अर्धवट वाळले की फाटतात. लॅमिनेशनच्या आत पाणी गेलं असेल तर सोलू नका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आम्ही अभ्यासिकेत मच्छरदाणी आडवी ताणली होती आणि तिच्यावर गावातल्या मुलांच्या गुणपत्रिका पापडासारख्या पसरल्या होत्या. पुस्तकांना मात्र वर्तमानपत्र चालतं : दर दहा-पंधरा पानांआड एक घडी, आणि ती दिवसातून दोनदा बदलायची. गावातली पुस्तकं कशी जातात हे आम्ही चिपळूणच्या लोटिस्मात, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, पाहिलंय, १८६४ सालची संस्था, तिला २००५ मध्येही पाण्याने गाठलं आणि २०२१ मध्येही.

जे गेलं ते गेलं म्हणून रडणाऱ्या आयांना एक गोष्ट सांगा : शाळा सोडल्याचा दाखला ही नक्कल असते, मूळ नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. दुय्यम प्रत तिथूनच निघते. म्हणून गावातल्या शाळांच्या ऑफिसात आधी जाऊन बघा, ते रजिस्टर कोरडं आहे का. नसेल तर सगळं सोडून तेच वाळवायला घ्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून मिळते, आमच्यासाठी ते रत्नागिरीला. डिजिलॉकर या कागद साठवायच्या सरकारी ॲपमध्ये बऱ्याच जणांची सापडते, पण ओटीपी येणारा मोबाइलच बुडालेला असतो. म्हणून आधी त्याच नंबरचं सिम परत काढून द्या. आठवीपर्यंतच्या मुलाला कोणी "दाखला आणा, मग बसा" म्हणालं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

पुस्तकांचं गणित सोपं. सरकारी-अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ती फुकट मिळतात, मुख्याध्यापकांमार्फत मागणी लावा. तुमचे पैसे नववीपासून पुढच्या मुलांसाठी राखा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ असतात, पण सगळं छापत बसू नका, चालू दोन धडे छापा.

२०२१ मध्ये दहावीचा निकाल १६ जुलैला लागला होता आणि २१ ऑगस्टला अकरावीची सीईटी, म्हणजे प्रवेशपरीक्षा, जाहीर झालेली. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण मधले अठरा-एकोणीस दिवस चिखलातून चालत पोरं अर्ज भरायला आमच्याकडे येत होती. करोनामुळे शाळा मोबाइलवर, आणि घरात वीज नाही. आम्ही जनरेटर भाड्याने आणला, चार एक्स्टेंशन बोर्ड लावले. मोबाइल चार्ज होईपर्यंत मूल टेबलाशी बसायचं, बसलं की वही उघडायचं. एवढ्या एका कामाने जितकी मुलं टिकली तितकी कशाने टिकली नाहीत.

फीसाठी आईवडिलांना कॉलेजात हात जोडायला पाठवू नका. ट्रस्टच्या लेटरहेडवर पत्र द्या, पंचनामा जोडा, आणि माफीऐवजी हप्ते मागा. माफीला वरची परवानगी लागते, हप्त्याला बहुतेक ठिकाणी प्राचार्यांची सही पुरते. घरातला कर्ता माणूस गेला असेल तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज ट्रस्टने स्वतः बसून भरावा. मूल एकटं पडलं असेल किंवा कोणी त्याला "कामाला नेतो" म्हणत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा, उद्यावर टाकू नका.

मुलं घाबरलेली असतात, ते बोलून दाखवत नाहीत. आमच्याकडची एक सहावीतली मुलगी पाऊस सुरू झाला की दप्तर उचलून मांडीवर घ्यायची. आम्ही काही बोललो नाही. भिंतीत, डोक्याच्या वर, एक लांब फळी ठोकली, आणि सगळ्यांनीच दप्तरं तिथे ठेवायची असं केलं. दहा-बारा दिवसांनी ती स्वतःच स्टुलावर चढून ठेवायला लागली.

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मुलांना कागद घेऊन बोलावतो. झेरॉक्स, फोटो, झिपची पिशवी, वर मार्करने नाव, खडूने नको. लोखंडी पेटीत दोऱ्या, चिमटे, मच्छरदाणी, परात, जुन्या साड्या. आणि पुस्तकांसाठी रद्दी. मे महिन्यात रद्दीवाला दारात येतो, भाव चांगला देतो, तरी विकू नका.