अळिंबीच्या खोलीसाठी घरीच बनवा पाण्याचा कूलर

धिंगरी अळिंबीला (ऑयस्टर मशरूम) छत्र्या धरायला साधारण २० ते २८ अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. ताजी हवाही हवीच. कार्बन डायऑक्साइड साचला की देठ लांबतात आणि छत्र्या बारीक राहतात. एसीने खोली गार होते, पण हवा कोरडी पडते. पाण्याचा कूलर तिन्ही गरजा भागवतो, मात्र तो बाहेरची हवा ओढणारा हवा. खोलीतलीच हवा फिरवत राहिलात तर ती लवकर दमट होते आणि गारवा थांबतो.

काही कापाकापी करण्याआधी एक चाचणी घ्या. थर्मामीटरच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि बाहेर सावलीत, पंख्याच्या झोतात पाचेक मिनिटं धरा. येईल त्या आकड्याखाली कूलर कधीच जाणार नाही, दोन-चार अंश वरच थांबेल. ३५ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेला हा आकडा २२ च्या आसपास येतो, म्हणजे काम होईल. तो २७-२८ आला तर मेहनत वाया जाईल. दुसरा ऋतू किंवा उष्णता सोसणारी जात निवडा.

आता बांधणी. प्लास्टिकचा मोठा, झाकणाचा डबा घ्या. एका बाजूला भोक पाडून एक्झॉस्ट फॅन बसवा, हवा खोलीत फेकली जाईल असा. समोरची बाजू चौकोनी कापा, पण पाणी साठायला तळाशी चार बोटं कड ठेवा. तिथे दोन जाळ्यांमध्ये कूलरचं गवत पाच सेंटीमीटर जाड, घट्ट भरा; हाच पॅड. गवत भिजलं की खाली बसतं आणि वर फट पडते. गरम हवा नेमकी तिथूनच शिरते. म्हणून वरचा भाग दाबून भरा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. पॅडच्या माथ्यावर बारीक भोकांची नळी आडवी बांधा आणि तळातल्या छोट्या पंपाला जोडा. पॅड सगळीकडून सारखा भिजला पाहिजे.

डबा खिडकीत, पॅड बाहेरच्या बाजूला ठेवा. फटी बुजवा, बाहेरून माश्यांसाठी बारीक जाळी लावा. समोरच्या भिंतीत पंख्याएवढी तरी वाट हवा जायला ठेवा. झोत थेट अळिंबीच्या पिशव्यांवर नको, कोवळे अंकुर सुकतात.

पंपाची वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. अर्थिंग नसेल तर पंप लावूच नका. दर आठवड्याला पाणी बदला आणि डबा घासा. छत्र्यांवर ओल टिकून राहू लागली, तर पंप थोडा वेळ बंद ठेवून नुसता पंखा चालवा. नाहीतर जिवाणूंचे तपकिरी डाग पडतात.