न्यूरोलॉजिस्टकडे जाताना बायकांनी काय लिहून न्यायचं
मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास तिप्पट दिसतो, तरी डोकं दुखतंय म्हटलं की "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून जाताना हातात पुरावा असू द्या. दोन-तीन महिने मोबाईलमध्ये नोंद ठेवा, दुखणं कधी सुरू झालं, किती तास टिकलं, कुठली गोळी घेतली आणि मुख्य म्हणजे पाळीची तारीख, कारण इस्ट्रोजेन हे बायकांमधलं हार्मोन घसरलं की मायग्रेन उठतो आणि काहीजणींना फिटसुद्धा पाळीच्या आसपास जास्त येतात, हे डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही.

दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात? ते आधी सांगा, अशांना इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो. फिटसाठी व्हॅल्प्रोएट ही गोळी चालू असेल आणि मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच बोला, कारण पोटातल्या बाळाला तिने अपाय होऊ शकतो, पण गोळी मनाने बंद करू नका हं.

डोस बायकांवर तपासलाय का हेही विचारा. आगाऊपणा वाटेल, वाटू दे! झोपेच्या झोल्पिडेमला अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी मिळाली आणि बायकांचा डोस निम्मा करायला तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने सांगितलं थेट २०१३ मध्ये.

आणि अचानक कधीच झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी झाली किंवा एक बाजू लुळी पडली तर डायरी-बियरी राहू दे, सरळ इमर्जन्सी गाठा.