वजन कितीही असो, शरीराशी सलोखा कसा करावा

आरशासमोर उभं राहून ‘मी सुंदर आहे’ असं दहा वेळा म्हणा, हा सल्ला मी कित्येक महिने पाळला. त्याने काही होत नाही. ज्या शरीराला दिवसभर घालूनपाडून बोलायचं, ते सकाळच्या दोन मिनिटांच्या गोड बोलण्याने भुलत नाही. माया आधी वागण्यात आणावी लागते, मग ती मनात उतरते. म्हणून खाली सांगते त्या सगळ्या करायच्या गोष्टी आहेत.

कपडे आजच्या मापाचे घ्या. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून जपलेले कपाटातून काढून टाका. संध्याकाळी पोटावर उमटलेला इलॅस्टिकचा लाल वळ पाहून स्वतःचाच राग येतो, आणि चूक असते फक्त मापाची.

तपासण्या टाळू नका. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. वजनावरून बोलणी बसतील या भीतीने मी तीन वर्षं दवाखान्याची पायरी चढले नव्हते. तसं करू नका. दंड जाड असेल तर रक्तदाबासाठी मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्टा आवळून बांधला की आकडा असतो त्याहून जास्त दिसतो. आणि गुडघ्यापासून डोकेदुखीपर्यंत प्रत्येक तक्रारीवर ‘आधी वजन कमी करा’ एवढंच ऐकायला मिळालं, तर सरळ विचारा, “हीच तक्रार सडपातळ माणसाने सांगितली असती तर तुम्ही काय तपासलं असतं?”

वजनकाटा दृष्टीआड करा. माझं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडलं.

मी रोज सकाळी काट्यावर उभी राहायची. आठशे ग्रॅम वाढलेले दिसले की तो दिवस वाया गेला म्हणून समजायचं. खरं तर एका रात्रीत आठशे ग्रॅम चरबी चढत नाही. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं आणि त्यातल्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट खाल्लं की पाणी वाढतं, पाळीच्या आधी वाढतं. दिवसभरात एखाददोन किलो वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे मी रोज सकाळी पाण्यावर चिडत होते.

त्याहून मोठं नुकसान दुसरंच झालं. एकदा मी तीन महिने नेटाने रोज चालले. वरचं बीपी १४२ वरून १३० वर आलं, झोप लागायला लागली, जिना चढताना मध्ये थांबायची गरज उरली नाही. काटा मात्र जागचा हलला नाही, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून मी चालणं सोडून दिलं! शरीर इतकं काही परत करत होतं आणि मी एका आकड्यापायी ते नाकारलं. याची हळहळ मला आजही वाटते. तुम्ही हे करू नका, कळकळीने सांगते.

बीएमआयचंही, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढतात त्या आकड्याचंही, तेच. त्यामागचं सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटलेने मांडलं. तो संख्याशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हे, आणि त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. चरबी किती आणि स्नायू किती, हे त्या आकड्याला कळत नाही. वजनाचा आजाराशी संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. जास्त वजनाने मधुमेहाचा धोका वाढतो, गुडघ्यांवर भार येतो. पण तुमची तब्येत कशी आहे हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही.

तर काटा माळ्यावर टाका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं असेल, तर अर्थातच करा. बाकीच्यांनी एक वही घ्यावी आणि आठवड्यातून एकदा लिहावं: झोप किती, जिना चढताना दम कुठे लागला, बीपी किती. पहिले दोन-तीन आठवडे फार जड जातात. मी दोनदा स्टूल लावून काटा खाली काढला होता. तसं झालं तर परत वर ठेवा आणि वही चालू ठेवा.

हालचाल आवडीची निवडा. आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालणं किंवा तेवढ्या श्रमाचं काहीही, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. खाल्ल्याची शिक्षा म्हणून केलेला व्यायाम टिकत नाही.

उपाशी राहू नका. अमेरिकेत मिनेसोटा इथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही राहीना, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. डाएट मोडलं की आपण स्वतःला दुबळ्या मनाचे ठरवतो, पण ती भुकेल्या शरीराची हाक असते. वेळेवर, पोटभर जेवा.

‘किती सुटलीस!’ म्हणणाऱ्यांना एकच उत्तर: “माझ्या अंगाबद्दल नको, बाकी बोल.” कारणं देत बसू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. काहीही न करता कपडे सैल व्हायला लागले तर लोक कौतुक करतील, ‘काय केलंस गं?’ म्हणून विचारतील. तुम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आपोआप उतरणाऱ्या वजनामागे मधुमेह, थायरॉईड किंवा आणखी गंभीर काही असू शकतं.