मुंबईजवळ मांसासाठी टोणगे वाढवायचे असतील, तर कर्ज आधी चाऱ्यासाठी घ्या

वाडा, शहापूर, मुरबाड, कर्जतकडे भाताची झोडणी सुरू झाली की खळ्याखळ्यावर पेंढ्याचे भारे रचलेले दिसतात. मुंबईत नोकरी सांभाळून गावच्या जमिनीवर मांसासाठी जनावरं वाढवायचा विचार करणाऱ्यांसाठी वर्षातले हेच आठवडे महत्त्वाचे. होळीनंतर हाच पेंढा महाग होतो आणि पावसाळ्यात कोरडा मिळणं मुश्किल होतं.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. त्यामुळे गोऱ्हे स्वस्तात मिळताहेत म्हणून या धंद्यासाठी घेऊ नका. राहतो म्हैसवर्ग. त्यातही म्हशी आणि रेडकांची कत्तल सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी दाखल्याशिवाय करता येत नाही. म्हणून नर रेडकू घ्यायचं, पूर्ण वाढवायचं आणि टोणगा, म्हणजे पूर्ण वाढलेला रेडा, झाल्यावरच विकायचं, या हिशेबानेच उतरा.

जागेबद्दल थोडक्यात. शहराच्या हद्दीत हे करू नका. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि पालघर-ठाण्यात आदिवासींच्या जमिनीचा व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय टिकत नाही. स्वतःचा सातबारा नसेल तर नोंदणीकृत भाडेकरार करा. तोंडी करारावर बँक कर्ज देणार नाही.

आता पैशाचं. नवखा माणूस पहिलं कर्ज जनावरांवर आणि शेडवर काढतो, तिथेच अडकतो. पत्र्याची शेड दिसायला छान, पण ती वजन वाढवत नाही. पहिली पाच रेडकं स्वतःच्या पैशांनी घ्या, गोठा बांबू आणि जुन्या पत्र्यांचा करा, आणि कर्ज चाऱ्या-खुराकासाठी घ्या. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड 2019 पासून मिळतं आणि ते खेळत्या भांडवलासाठीच आहे: चारा, खुराक, औषधं, मजुरी, वीज. 2 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के, वेळेत फेडलं तर 3 टक्के सूट, म्हणजे हातात 4 टक्के. जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारणही लागत नाही.

यात एक मेख आहे. कार्डाचं पीककर्जासारखंच, वर्षाच्या आत फेडलं तरच सूट. टोणगा मात्र वर्षात तयार होईलच असं नाही. पाचही एकाच वेळी विकायचे ठरवलेत तर हप्ता आधी येईल आणि पैसा नंतर. म्हणून तीन मोठी, वर्षभरात विकता येतील अशी, आणि दोन लहान, असा संच बांधा. पुढे वाढवायचं ठरलं आणि मुदत कर्ज घेतलं, तर मासिक हप्ता मान्य करू नका. विक्रीच्या महिन्याला जोडलेला हप्ता लेखी मागा. दूध रोज पैसे देतं, टोणगा एकदाच देतो. बँकेच्या अधिकाऱ्याला हा फरक समजावून सांगणं तुमचंच काम आहे.

अनुदानाच्या नावाने फाईल करून देणारे भेटतील. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी, मेंढी, कुक्कुट, वराह आणि चारा यांच्या प्रकल्पांना 50 टक्के भांडवली अनुदान आहे, रेडकू संगोपनाला नाही. कुणी देतो म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका.

चाऱ्याचा हिशेब असा. 100 ते 280 किलोच्या दरम्यानच्या जनावराला सरासरी दिवसाला 5 किलो कोरडा आहार लागतो. त्यातला 3 किलो पेंढा धरला तर पाच रेडकांना वर्षाला साधारण साडेपाच टन. एवढा पेंढा आताच घेऊन ओल्या जमिनीपासून उंच माचावर रचा. नुसत्या पेंढ्यावर जनावर जगतं, भरत नाही. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, ताडपत्रीखाली 21 दिवस हवाबंद ठेवा. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना हा पेंढा द्यायचा नाही आणि कोरडा युरिया हाताने तर कधीच घालायचा नाही. जनावर तासाभरात दगावू शकतं. सोबत रोज दीड-दोन किलो खुराक आणि मूठभर क्षारमिश्रण.

रेडकं कुठून? तबेल्यांतल्या म्हशी पावसाळा ते दिवाळी या काळात जास्त वितात, त्यामुळे आता नवजात रेडकं जवळजवळ फुकट मिळतात. त्यांचा मोह आवरा. अनेकांना चीकही पोटभर मिळालेला नसतो आणि पोटातल्या गोल जंतांनी ती पहिल्या महिन्यातच जातात. पहिल्या वर्षी गवत खाणारी, निदान आठ-दहा महिन्यांची घ्या. वजन अंदाजाने ठरवू नका, टेप खिशात ठेवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 48, लांबी 40 असेल तर सुमारे 140 किलो. हीच मापं दर पंधरवड्याला वहीत उतरवा. चांगल्या खाण्यावर दिवसाला अर्धा किलो वाढ धरा. रोजचा खर्च 60 रुपये आणि वाढ अर्धा किलो, तर एक किलो वजन 120 रुपयांना पडलं. बाजारात जिवंत वजनाला त्याहून कमी मिळत असेल तर खुराक बदला किंवा जनावर काढा.

भातखाचरांच्या भागात यकृतातल्या पर्णकृमींकडे विशेष लक्ष द्या. जबड्याखाली मऊ सूज दिसली, जनावर सुकत चाललं, की पशुवैद्यकाकडून औषध पाजून घ्या. सूज दिसेपर्यंत न थांबता पावसाळा संपल्यावर एक डोस विचारून द्यावा. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. मार्चपासून सावली आणि अंगावर पाणी हवंच. म्हशीला घाम कमी येतो. उन्हात तापलेलं जनावर खाणं सोडतं आणि दोन महिन्यांची वाढ बुडते.

विक्रीच्या दृष्टीने बकरी ईद लक्षात ठेवा. कुर्बानीला टोणगा दोन वर्षं पूर्ण झालेला लागतो, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. खरेदीच्या दिवशीच वय मोजून कोणत्या ईदला कोणतं जनावर, ते वहीत लिहा. भाव समजून घ्यायला पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत जनावरांच्या बाजारात दिवसभर नुसते फिरा.

कानातला टॅग जून 2024 पासून खरेदी-विक्री आणि वाहतुकीला बंधनकारक आहे. टॅग नसलेलं जनावर घेऊ नका. गाडीत सहापेक्षा जास्त भरू नका. बाजाराची पावती, पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि टॅग क्रमांकांची यादी चालकाच्या हातात मूळ प्रतीत द्या, झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा, आणि गाडी शक्यतो दिवसाउजेडी काढा.