घर खाली करण्याची नोटीस आल्यास भाडेकरूने काय करावे

वकिलामार्फत नोटीस आली की जुन्या वाड्यात वर्षानुवर्षे राहिलेले कुटुंबही घाबरून दुसरी खोली शोधू लागते. तशी घाई करू नये. नोटीस म्हणजे हुकूमनामा नव्हे. न्यायालयाने ताब्याचा हुकूम दिल्याशिवाय भाडेकरूला बळजबरीने घराबाहेर काढता येत नाही.

प्रथम आपला करार नीट वाचावा. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा मिरजेत आज होणारा अकरा महिन्यांचा करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो आणि त्यावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे केवळ घरमालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरती राहणारी, ठरते. मुदत संपल्यावर तिने घर सोडले नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार करारातील शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. सक्षम प्राधिकाऱ्याचे (अशी प्रकरणे चालवण्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचे) समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगीही मागावी लागते. पुढील संरक्षण मात्र भाडेकरूंसाठी आहे.

भाडे थकल्याचे कारण असेल, तर कलम १५ मधील मुदती काटेकोरपणे पाळाव्यात. थकबाकीची लेखी मागणी मिळाल्यापासून ९० दिवस होईपर्यंत घरमालकाला दावा लावता येत नाही, म्हणून पाकिटावर नोटीस मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी आणि शक्य असल्यास याच काळात बाकी चुकती करावी. दावा दाखल झालाच, तरी समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरून पुढेही भाडे नियमित भरत राहिल्यास या कारणासाठी हुकूमनामा होत नाही. घरमालक मुद्दाम भाडे घेत नसेल, तर ते त्याच्या बँक खात्यावर जमा करून तसे पत्र पोचेसह पाठवावे. तोंडी सांगितलेले पुढे सिद्ध करता येत नाही.

‘मला स्वतःला राहायला जागा हवी’ हे कारण सर्वांत अधिक वादाचे असते. कलम १६ प्रमाणे ही गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे, हे घरमालकाने सिद्ध करायचे असते. शिवाय हुकूम दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास तो नाकारल्याने घरमालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा मोठा आहे का, याचाही विचार न्यायालय करते. त्यामुळे घरातील आजारपण, मुलांची शाळा, परवडणाऱ्या भाड्यात जागा मिळवण्यासाठी केलेली खटपट आणि घरमालकाच्या इतर मोकळ्या जागा यांचा तपशील पुराव्यासह कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, मांडावा. केवळ ‘आम्ही गरीब आहोत’ एवढे लिहून भागत नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे, लेखी परवानगी न घेता पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, किंवा सबळ कारण नसताना दाव्यापूर्वी सलग सहा महिने जागेचा ठरलेला वापर न करणे, हीदेखील ताबा घेण्याची कारणे आहेत.

घर सोडायला भाग पाडण्यासाठी वीज किंवा पाणी तोडल्यास कलम २९ नुसार ते पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवता येतो. कुलूप बदलून बाहेर काढले असेल, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करावा. भाडेपावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. ती दर महिन्याला मागून घ्यावी आणि तिचे छायाचित्र मोबाईलव्यतिरिक्त नातेवाइकांकडेही ठेवावे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले होते, हे ध्यानात घेता ही काळजी सांगलीकरांनी तरी टाळू नये.

सांगलीत हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात आणि हुकूम विरुद्ध गेल्यास ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.