दुकान वाढवण्याच्या वेळी खरेदी करताना

पाटीवर रात्री ९ ची वेळ लिहिलेली असते आणि आपण पावणेनऊला दारात पोहोचतो. दुकान उघडे आहे, दिवे लागलेले आहेत, त्यामुळे आत जाण्याचा आपला हक्क कोणी नाकारत नाही. परंतु अशा वेळी आलेला ग्राहक जड होतो की नाही, हे तो किती वाजता आला यापेक्षा कोणते काम घेऊन आला यावर अधिक ठरते. पाच मिनिटे उरलेली असताना आत येऊन, हवी ती एक वस्तू उचलून, पैसे देऊन जाणाऱ्या माणसाचा कोणालाही त्रास होत नाही. याउलट अर्धा तास हाताशी असूनही, काय घ्यायचे हे न ठरवता आलेला आणि दहा वस्तू काढायला लावून ‘उद्या सांगतो’ म्हणणारा माणूस सगळ्या दुकानाचा खोळंबा करून जातो. म्हणून घड्याळाकडे पाहण्याआधी आपल्या कामाकडे पाहावे.

शटर ओढणे हे दुकान वाढवण्यातले शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे. त्याआधी काय काय उरकावे लागते, याची ग्राहकाला सहसा कल्पना नसते. दिवसभरात विस्कटलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात, ट्रायल रूममध्ये टाकून दिलेले कपडे जागेवर लावायचे असतात, भलत्याच फळीवर सोडून दिलेल्या वस्तू शोधून परत न्यायच्या असतात, फरशी पुसायची असते, कचरा बाहेर काढायचा असतो. मग गल्ल्याचे काम सुरू होते: रोकड मोजायची, ती बिलांशी ताडून पाहायची, कार्डाचे आणि मोबाइलवरून आलेले पैसे वेगळे जुळवायचे, दुसऱ्या दिवसासाठी सुटे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेली रक्कम तिजोरीत ठेवायची. या कामांना एक क्रम असतो आणि तो मोडता येत नाही. शेवटचे बिल झाल्याशिवाय गल्ला बंद होत नाही, गल्ला बंद झाल्याशिवाय हिशोब जुळवता येत नाही आणि हिशोब जुळल्याशिवाय किल्ली ज्याच्याकडे असते तो घरी जाऊ शकत नाही. शिवाय रोकड हाताळणाऱ्या माणसाला दुकानात एकटे ठेवायचे नाही, असा नियम अनेक ठिकाणी असतो. त्यामुळे एक रेंगाळणारा ग्राहक एकाला नव्हे तर दोघातिघांना अडकवून ठेवतो. ठरलेल्या वेळेनंतरच्या मिनिटांचे वेगळे पैसे कर्मचाऱ्यांना मिळतातच असेही नाही, आणि शेवटची गाडी तर कोणासाठीच थांबत नाही.

निघण्यापूर्वी

पाटीवरच्या वेळेचा अर्थ प्रत्येक दुकानात एकच नसतो. काही ठिकाणी त्या वेळेला दार बंद होते आणि आत असलेल्यांची बिले त्यानंतर सावकाश होतात. काही ठिकाणी त्या वेळेपर्यंत गल्लाही बंद झालेला असतो. मोठ्या दुकानांत तर विभागागणिक वेगळा प्रकार असतो. दुरुस्तीचे, वस्तू बदलून देण्याचे किंवा तयार खाद्यपदार्थांचे काउंटर बरेचदा दुकानाच्या आधी बंद होतात, कारण तिथली यंत्रे धुवायची, पुसायची आणि माल झाकून ठेवायचा असतो. म्हणून फोन करून विचारायचे झाल्यास ‘किती वाजेपर्यंत उघडे आहे?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर पाटीवर आहेच. ‘शेवटचे बिल किती वाजेपर्यंत होते?’ आणि ‘या कामासाठी किती आधी यावे?’ हे दोन प्रश्न विचारावेत. नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या वेळा सणासुदीला आणि सुट्टीच्या दिवशी चुकीच्या निघू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

फोनवर वस्तू शिल्लक असल्याची खात्री झाली की ती बाजूला काढून ठेवण्याची विनंती करता येते, आणि बहुतेक दुकानदार ती आनंदाने मान्य करतात. मात्र मग जायचेच. जाणे जमणार नसेल तर दुसरा फोन करून तसे कळवावे. कोणीतरी येणार म्हणून एक वस्तू आणि एक माणूस उगाच अडून राहणे यात कोणाचेच भले नाही. ‘मी निघालोच आहे, दहा मिनिटे थांबा’ ही विनंती मात्र ओळखीच्या मालकाला, आणि तीही क्वचित करावी. पगारी नोकराला ती करण्यात अर्थ नसतो, कारण दुकान उघडे ठेवणे त्याच्या हातात नसते.

कोणते काम उशिरा न्यावे आणि कोणते नेऊ नये, याचा माझा ठोकताळा साधा आहे. जी वस्तू कुठे ठेवलेली असते हे आपल्याला ठाऊक आहे आणि जिच्याबाबत निवड करायची नाही, ती शेवटच्या दहा मिनिटांतही घेता येते. जिथे निवड करायची आहे, तिथे निदान अर्धा तास हवा. आणि ज्या खरेदीत दुकानातल्या एका माणसाला पूर्ण वेळ आपल्यापाशी उभे राहावे लागते, तिच्यासाठी तासाभराहून कमी वेळ उरला असेल तर दुसरा दिवस पाहावा. चष्म्याची फ्रेम, बूट, दागिने, नवा फोन आणि त्यातली सगळी मांडामांड, मिसळून तयार करायचा भिंतीचा रंग ही सर्व या तिसऱ्या प्रकारातली कामे आहेत. बुटांच्या प्रत्येक मापासाठी कोणालातरी आतल्या कोठीत जावे लागते. दागिन्यांच्या दुकानात तर बंद करण्याआधी प्रत्येक नग मोजून तिजोरीत ठेवायचा असतो, आणि मोजून झालेला ट्रे पुन्हा बाहेर काढायला लावणे म्हणजे ती सगळी मोजणी नव्याने करायला लावणे होय.

वस्तू परत करणे किंवा बदलून घेणे हे दिसते तेवढे लहान काम नाही. त्यासाठी जुने बिल शोधावे लागते, वस्तू तपासावी लागते, बरेचदा व्यवस्थापकाची संमती घ्यावी लागते आणि परत दिलेली रक्कम त्या दिवसाच्या हिशोबात दाखवावी लागते. तेव्हा हे काम सकाळीच न्यावे. बदलून घेण्याच्या मुदतीचा तोच शेवटचा दिवस असेल, तर आत शिरताच तसे सांगावे. म्हणजे व्यवस्थापक निघून जाण्यापूर्वी काम मार्गी लागेल.

दारात आणि आत

शटर अर्धे खाली आलेले असेल तर वाकून आत शिरू नये. आत दिवा दिसत असला तरी ते उघडे दुकान नव्हे. बाहेरूनच, वस्तूचे नाव घेऊन विचारावे: ‘फक्त एक बल्ब हवा होता, मिळेल का?’ केवळ ‘येऊ का?’ असे विचारल्यास समोरच्याला उत्तर देणे अवघड जाते, कारण आत आल्यावर आपण किती वेळ घेणार आहोत हे त्याला कळत नाही. वस्तूचे नाव ऐकले की तो क्षणात ठरवू शकतो आणि पुष्कळदा ती वस्तू स्वतःच आणून देतो.

होकार कोणाकडून आला, हेही पाहावे. गल्ल्यावर स्वतः मालक असेल तर त्याचे ‘या, या’ बहुधा मनापासूनचे असते; उशिरा झालेल्या विक्रीचा लाभ त्याच्याच पदरात पडतो आणि नको असेल तर तो सरळ नाही म्हणू शकतो. नोकरीवर असलेल्या माणसाला ही मोकळीक नसते. ग्राहकाला परत पाठवल्याची तक्रार वर गेली तर बोलणी त्याला खावी लागतात, म्हणून कंटाळलेला असूनही तो हसून ‘या ना’ म्हणतो. त्याच्या शब्दांपेक्षा आजूबाजूच्या खुणा वाचाव्यात: मागचे दिवे मालवलेले आहेत का, मांडणीवर कापड टाकलेले आहे का, फरशीवर बादली आली आहे का. यातले काही दिसले तर काम दोन मिनिटांत आटोपावे किंवा उद्यावर टाकावे.

आत गेल्यावर फिरत बसू नये. वस्तू कुठे आहे हे विचारून थेट तिथे जावे. दिवसा न विचारता शोधणे हा सभ्यपणा असेल, पण या वेळी विचारणेच बरे. दोन वस्तूंमध्ये निवड होत नसेल तर दोन्ही ठेवून द्याव्यात. ठेवताना जिथून उचलल्या तिथेच ठेवाव्यात, आणि जागा आठवत नसेल तर कर्मचाऱ्याच्या हातात द्याव्यात, कारण नुकतीच लावलेली फळी पुन्हा विस्कटली तर ती लावणारा माणूस आपल्यासमोरच उभा असतो. कपडे घालून पाहायचे असतील तर एकदोनच न्यावेत आणि नको असलेले बाहेर आणून परत द्यावेत. ओल्या फरशीवरून जाणे टळत नसेल तर कडेने जावे. फोनवरचे बोलणे बाहेरच संपवून यावे.

दुकानात सूचना पुकारली जात असेल तर पहिली सूचना निवड थांबवण्यासाठी असते आणि शेवटची गल्ल्याकडे जाण्यासाठी. पुष्कळ लोक पहिली ऐकत नाहीत आणि शेवटचीला पहिली समजतात. वेळेआधी जो रांगेत उभा राहिला त्याचे बिल व्हायलाच हवे, असे माझे मत आहे, आणि जवळपास सगळीकडे तसे होतेही. जर्मनीत १९५६ साली झालेल्या, दुकाने बंद करण्याच्या वेळांविषयीच्या कायद्यातही बंद होण्याच्या क्षणी आत असलेल्या ग्राहकांना सेवा देता येईल, अशी तरतूद आहे. पण ही सवलत रांगेतल्या माणसासाठी आहे, त्याच्या घरच्यांसाठी नव्हे. एकाने ट्रॉली घेऊन रांगेत उभे राहायचे आणि बाकीच्यांनी पळत जाऊन एकेक वस्तू आणून तिच्यात टाकायची, ही युक्ती गर्दीच्या वेळी खपून जाते. बंद होताना ती उद्धटपणाची ठरते.

गल्ल्यापाशी

पैसे देण्याची तयारी रांगेतच करावी. कार्ड हातात, ॲप उघडलेले, पिशवी घडी उलगडलेली, सभासद क्रमांक द्यायचा असेल तर तो समोर. रोख देणार असाल तर लहानशा वस्तूसाठी मोठी नोट पुढे करू नये, कारण सुटे पैसे या वेळेपर्यंत संपलेले किंवा मोजून बांधलेले असतात. आणि साठवलेली नाणी मोजून देण्याची हौस सकाळी भागवावी. वस्तू भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून मागू नये. दिवसअखेर उरलेल्या मालावर सूट मिळते का, हे एकदा विचारायला हरकत नाही. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारू नये.

घाई असली तरी बिलाची एकूण रक्कम पैसे देण्यापूर्वी पाहूनच घ्यावी. नंतर चूक सापडली आणि गल्ला बंद झालेला असला, तर ती दुरुस्त करणे दोघांनाही फार जाचाचे होते. वाद मोठा असेल तर बिल जपून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी, व्यवस्थापक हजर असताना, बोलावे.

खरी निकड असेल तर यातले बरेच नियम बाजूला ठेवता येतात. रात्रीचे औषध, तान्ह्या बाळाला लागणारी वस्तू, पहाटेच्या प्रवासाला अडणारी एखादी गोष्ट यांसाठी बंद होत असलेल्या दुकानात जाण्याचा संकोच करू नये. मात्र गरज पहिल्याच वाक्यात सांगावी आणि तिची पार्श्वभूमी सांगत बसू नये. औषधाच्या दुकानात चिठ्ठी उघडून हातात धरावी. औषध किती आणि केव्हा घ्यायचे याबद्दल शंका असेल तर ती मात्र, कितीही उशीर झालेला असला तरी, विचारूनच निघावे. नकार मिळालाच तर जवळपास उशिरापर्यंत उघडे असणारे दुसरे दुकान कोणते, हे विचारावे.

सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारणेही योग्य नाही. पाटीवर ९ लिहायचे आणि साडेआठलाच दिवे मालवून ग्राहकाला हुसकावून लावायचे, ही दुकानाची चूक आहे. दार बंद होण्याची आणि शेवटच्या बिलाची अशा दोन्ही वेळा पाटीवर लिहिल्या, तर निम्मी कटकट तिथेच मिटेल. तसा अनुभव आल्यास तक्रार जरूर करावी. पण ती व्यवस्थापकाकडे आणि दिवसा. रात्री समोर उभ्या असलेल्या विक्रेत्याने ती वेळ ठरवलेली नसते.

उशिरा आल्याबद्दल दिलगिरी एकदाच व्यक्त करावी, कारण लांबलेल्या दिलगिरीनेही वेळच जातो. बिल झाल्यावर दारात उभे राहून पिशवीतल्या वस्तू पुन्हा तपासू नयेत, आणि गाडी शटरसमोर लावलेली असेल तर ती आधी काढावी.

आपण पोहोचेपर्यंत दार लागलेले असेल आणि काचेतून आत माणसे दिसत असतील, तरी काच ठोठावू नये. त्या वेळी आत रोकड मोजली जात असते आणि कुलूप लावल्यावर कोणासाठीही दार उघडायचे नाही, अशी सूचना कर्मचाऱ्यांना बहुधा दिलेली असते. दारावर फोन क्रमांक लिहिलेला असेल तर त्याचा फोटो काढून घ्यावा आणि सकाळी दुकान उघडल्यावर फोन करून वस्तू बाजूला ठेवायला सांगावी.