शाकाहारी घरात राहून व्हीगन कसे व्हावे: चहाच्या कपापासून चवथीच्या पानापर्यंत

जनावरांचे हाल नकोत म्हणून दूध, दही, तूप, पनीर, मध सोडायचा ज्यांचा निर्णय झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही गोव्याचे आणि शाकाहारी आहातच, असे धरून चालते. वजन उतरावे किंवा चेहऱ्यावर तेज यावे म्हणून दूध सोडणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही. वजन उतरले की त्यांचे कारण संपते.

आपले कारण मात्र आधी स्वतःला स्वच्छ सांगता आले पाहिजे, कारण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारणार, "दूध काढण्यात कसली आली हिंसा?" गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू ठेवायचे तर तिला पुन्हा पुन्हा गाभण करावे लागते, आणि जन्मणाऱ्या वासरांत साधारण निम्मे पाडे, म्हणजे नर वासरे, असतात. पूर्वी ते नांगराला जुंपले जात, आता शेतात पॉवर टिलर फिरतो. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे, पण नको झालेल्या जनावराला जन्मभर पोसायला कोणी तयार नसते, म्हणून ते रस्त्यावर येते. पावसाळ्यात रात्री डांबरावर बसलेली गुरे आपण सगळेच चुकवत गाडी चालवतो. एकदा थांबून पाहा. त्यांत पाडे किती, आटलेल्या गाई किती, आणि कितीजणांच्या कानात गोठ्याच्या नोंदीचा पिवळा बिल्ला अजून लटकतो आहे ते दिसेल. म्हशीच्या रेडकाला तर गोहत्याबंदीचाही आधार नाही.

"आमचे दूध गावच्या गाईचे" हे उत्तरही ऐकायला मिळेल. गोव्यात प्यायल्या जाणाऱ्या दुधाचा मोठा भाग महाराष्ट्र आणि कर्नाटकातून येतो. आणि गावच्या गाईलाही पाडे होतातच.

स्वयंपाकघर

इथे करण्यासारखे जवळजवळ काही नाही. आपला शिवराक, म्हणजे शाकाहारी, स्वयंपाक नारळावरच उभा आहे: खतखते, मुगागाठी, अळसांद्याचे तोंडाक, सोलकढी, उकड्या तांदळाची पेज आणि खारातला आंबा. फोडणीला खोबरेल तेल. बदामाचे दूध, परदेशी चीज, नकली मटण यांच्या याद्या वाचून घाबरलेले लोक मला भेटतात. त्या याद्या ज्यांच्या ताटात चीज आणि मटण होते त्यांच्यासाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत. खर्च वाढतो आणि सहा महिन्यांत माणूस कंटाळतो.

दही हवेच असेल तर सोयाबीनचे किंवा शेंगदाण्याचे दूध उकळून कोमट करा, त्यात हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ टाका आणि रात्रभर झाकून ठेवा. पहिले दही खायला बरे लागत नाही. ते विरजण म्हणून वापरा, दुसरे नीट लागते.

पाकीट वाचणे

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. त्या ठिपक्याखाली दूध आणि मध दोन्ही चालतात. व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२२ मध्ये आणले, त्याचे चिन्ह निराळे आहे, पण बहुतेक पाकिटांवर ते सापडणार नाही. त्यापेक्षा घटकांच्या यादीखालची अॅलर्जीची ओळ वाचा. 'कंटेन्स मिल्क' असेल तर परत ठेवा. 'मे कंटेन मिल्क' म्हणजे त्याच यंत्रावर दुधाचा माल होतो एवढेच. त्यावर मी वेळ घालवत नाही, तुम्हीही घालवू नका. सोया किंवा ओटच्या पेयाच्या खोक्यावर 'मिल्क' हा शब्द शोधू नका, तो लिहायला मनाई आहे.

बी-१२

यावर वाद घालायचा नाही, गोळी घ्यायची. वनस्पतींतून बी-१२ भरवशाचे मिळत नाही. इडलीच्या पिठातून मिळत नाही, भाजी न धुता खाल्ल्याने मिळत नाही, आणि स्पिरुलिनात जे असते ते शरीराला उपयोगी पडत नाही. "आपले पूर्वज काय गोळ्या घेत होते?" असे म्हणणाऱ्याच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की तोच सांगतो, व्हीगन होऊन तब्येत बिघडली. आपल्याकडे शाकाहाऱ्यांतही हे जीवनसत्त्व पुष्कळदा कमीच भरते, म्हणून दूध सोडण्याआधी रक्त तपासून घ्या. कमतरता नसेल तर रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, हे प्रमाण पुरते. कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील तसे. कॅप्सूलचे कवच बऱ्याचदा जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचे असते, म्हणून साधी गोळी मागा. आजारात लिहून दिलेले औषध मात्र घटक बघून नाकारू नका.

कॅल्शियमसाठी नाचणी आणि न सोललेले तीळ. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असते. आपले तिझण नाचणी, नारळाचा रस आणि गुळाचेच तर असते. गरोदर बाई आणि लहान मुले घरात असतील तर आहारतज्ज्ञाला विचारूनच बदल करा.

चहा

पहिला महिना कोरा चहा प्या: आले, गवती चहा, थोडा गूळ. जीभ दुधाची चव विसरल्यावर मग दुसरे दूध आणा. लगेच आणले तर रोज तुलना होते आणि रोज मन खट्टू होते. त्यानंतर तुकडा काजू भिजवून बारीक वाटा, पाणी घाला, आणि गॅस बंद केल्यावरच चहात ओता. काजूचे दूध चहाबरोबर उकळले की घट्ट होत जाऊन खिरीसारखे लागते.

हॉटेल

भाजी-पाव, पोई, मिरची भजी, कोरा चहा. बन्स (केळ्याच्या गोड पुऱ्या) नकोत, पिठात दही असते. शिऱ्यात तूप असते. 'व्हीगन आहे का' असे विचारू नका, 'यात दूध, दही, तूप काय घातलेय' असे विचारा. खरे उत्तर लगेच मिळते.

चवथ, देवकार्य आणि तुपाची वाटी

अवघड टप्पा हा आहे. मी पाहिलेली माणसे चहापायी परत फिरली नाहीत, पनीरपायीही नाहीत. ती परत फिरली मूळ घरात, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, पंगतीत. मुंबई-पुण्याहून सगळी जमलेली असतात, पाने मांडलेली असतात, आणि काकी तुपाची वाटी घेऊन ओळीने येत असते. भातावर अन्नशुद्धीचे तूप पडल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. तिथे तुम्ही पानावर हात आडवा धरलात की अख्खी पंगत तुमच्याकडे बघते. मलाही हा टप्पा फार जड गेला, कारण समोर उभे असलेले माणूस वाईट नसते. ते माया वाढत असते. एखाद्याच्या कपटाला नकार देणे सोपे, मायेला देणे कठीण.

म्हणून पहिली गोष्ट: पानावर बसल्यावर सांगू नये. सांगायचे ते आठ-पंधरा दिवस आधी. घरातल्या कर्त्या पुरुषाला सांगून भागत नाही, जिच्या हातात पळी आहे तिला सांगावे लागते. फोनवर नको. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे सगळे मत देतात आणि जिने स्वयंपाक करायचा ती एकटी गप्प राहते. तिच्या स्वयंपाकघरात जा, नारळ खोवायला बसा आणि हात चालू असताना बोला.

"काकी, यंदापासून मी दूध-तूप घेणार नाही."

"डॉक्टरनी सांगितलं?"

"नाही गं. गाईसाठी सोडलं."

काकीने थोडा वेळ नुसती भाजी चिरली. मग म्हणाली, "मग नैवेद्याचं काय करायचं?"

हाच प्रश्न यायला हवा. तुमच्या मतांवर नव्हे, नैवेद्यावर बोलणे सुरू झाले की वाट निघाली. इथे अॅलर्जीचे किंवा डॉक्टरचे निमित्त पुढे करू नका, असे मी निक्षून सांगते. निमित्त सांगितले की पुढच्या वर्षी "आता बरे आहे ना?" म्हणून तूप येते, आणि आयुर्वेदातले तुपाचे गुणही ऐकावे लागतात. गाईसाठी सोडले हे एकदा सरळ सांगितले की वाद होईल, पण एकदाच होईल.

दुसरी गोष्ट: काय नको याची यादी देण्याआधी काय चालते ते दाखवा. चवथ मुळात झाडामाडांचा सण आहे. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीत सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, तोरिंगे, चिबूड, रानातली फळे आणि वेली, सगळे झाडावेलींचेच. पंचखाद्यात दूध नाही. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत नाही. खतखत्यात नाही. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) पिठाला तुपाऐवजी कडकडीत तेलाचे मोहन घातले तर त्याही चालतात. मग एक गोड पदार्थ आपल्या अंगावर घ्या, मी नेहमी मणगणे घेते. चण्याची डाळ बोटचेपी शिजवायची, साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत त्यात शिजू द्यायचा, गूळ विरघळवायचा, मग नारळाचा पातळ रस. जाड रस अगदी शेवटी, गॅस बारीक करून. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस फाटतो आणि तेल वर येते. वेलची, काजू. घरच्या सगळ्यांनी ते खाल्ले की तुमच्या पानासाठी वेगळे काही करावे लागत नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला खरी भीती वेगळ्या स्वयंपाकाचीच असते.

तिसरी गोष्ट पंचामृताची. पुष्कळ जण सल्ला देतात, "एक थेंब घ्यायला काय हरकत आहे, देवाचे आहे." मी घेत नाही. त्या थेंबामागेही तीच गाय आहे, आणि देवासमोर उभे राहून तिला विसरायचे हे मला पटत नाही. पण तळहातावर घेऊन हळूच पुसून टाकणे त्याहून वाईट. घेतलेला प्रसाद टाकू नये. भटजींना पूजेआधी बाजूला घेऊन सांगा की मला तुळशीचे पान आणि साधे तीर्थ द्या. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. पूजा तुमच्याच घरची असेल तर आणखी सोपे. जी वस्तू हजर नाही तिच्या जागी अक्षता वाहायची रीत आपल्या पूजेत आहेच. समई तिळाच्या नाहीतर खोबरेल तेलाची.

देवळातल्या महाप्रसादाला मंगेशी असो की म्हार्दोळ, वाढपी भरभर पुढे सरकतात. तूपवाला तुमच्या दोन पाने अलीकडे असतानाच "तूप नको" म्हणा, पानावर आल्यावर नाही. खीर आणि ताक पुढे जाऊ द्या. वरणाच्या फोडणीची शंका असेल तर बसण्याआधी आचाऱ्याला विचारा, "फोडणी तुपाची की तेलाची?" तो सांगतो.

एवढे करूनही कोणीतरी विसरून भातावर तूप ओतणारच. तोंड वाकडे करू नका. ते पान शेजारच्या भावाकडे सरकवा, त्याचे कोरे पान आपल्याकडे घ्या. आणि पंगतीत गोठ्याची, पाड्यांची गोष्ट काढू नका. कोणी डिवचून विचारले तरी "जेवून झाल्यावर सांगते" एवढेच म्हणा. मात्र जेवून झाल्यावर खरोखर सांगा, सोप्यावर बसून, सगळे सांगा. जेवताना गप्प बसणे वेगळे, कायमचे गप्प बसणे वेगळे. विचारणाऱ्यांतली एखादी पुतणी किंवा भाची मनापासून ऐकत असते, तिच्यासाठी तरी सांगा.

पुढच्या चवथीला तुपाची वाटी आपोआप तुमच्या पानावरून पुढे जाते.

कपडे, चपला

हे शेवटी घ्या, घाई नको. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उकळतात, त्यामुळे नवे रेशीम नको. सोवळ्याला धुऊन वेगळे वाळवलेले सुती वस्त्र चालते. आईचा शालू मात्र पेटीतून काढून टाकू नका. त्याने कोणाचा जीव परत येत नाही आणि आईला लागते. चामड्याच्या जुन्या चपला झिजेपर्यंत वापरा, नव्या रबराच्या किंवा कापडाच्या घ्या. पावसात त्या जास्त टिकतातही.